आधी उलटा करून बघा : सुपरमार्केटमधून रोजचे कपडे घेताना

माझ्याकडे हल्ली शिवायच्या कपड्यांपेक्षा दुरुस्तीचे कपडे जास्त येतात. मालवणहून कुडाळला जाताना चौके लागतं, त्याच्या जवळच आमचं घर आणि पडवीत माझं मशीन. सत्तावीस वर्षं झाली. पूर्वी बायका कापड घेऊन यायच्या, माप द्यायच्या. आता पिशवीतून तयार गाऊन, लेगिंग, टीशर्ट, ट्रॅकपँट निघते. "काकी, ह्यो काखेत गेलो बघा." "गो, ह्येची उंची जरा वाढव मगे." कुठून घेतलंस विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, सुपरमार्केटमधून. तांदूळ, डाळ, साबण घेऊन झाले की शेवटच्या रांगेत कपड्यांचे गठ्ठे दिसतात, किंमत परवडणारी असते आणि कपडा ट्रॉलीत पडतो.

त्यात काही चूक नाही, मीही तिथूनच घेते. पण बाजारातल्या कापडवाल्याकडे आणि तिथे एक फरक आहे. कापडवाला आपल्याला ओळखतो. हातातला कपडा बाजूला ठेवून तो सांगतो, "वयनी, ह्यो घेव नको, रंग जाता ह्येचो." सुपरमार्केटमध्ये हे सांगायला कोणी नसतं. ते काम आपलं आपणच करायचं असतं आणि ते जमतं. मी कसं करते ते सांगते.

सुरुवात घरातून. प्रत्येकाचा अंगाला नीट बसणारा एक जुना कपडा जमिनीवर सपाट पसरा, सुरकुत्या काढा आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावा. २० इंच भरले तर त्या कपड्याची छाती ४०. मग खांद्यापासून खालपर्यंत उंची, बाहीची लांबी. पँटीला कंबर, बैठक आणि पायाची आतली शिलाई. अंगावर माप घेण्यापेक्षा हे बरं, कारण माणसाला किती ढगळ आवडतं तेही त्यात आलेलं असतं. हे आकडे कागदावर लिहून तो कागद टेपच्या डबीत ठेवा आणि डबी पर्समध्ये. टेप न घेता जाऊ नका. एका कंपनीचा एल दुसरीच्या एमएवढा निघतो, आणि कपडे घालून बघायची खोली असलीच तरी घरच्या चौघांना घेऊन कोण जाणार?

कपड्याला लावलेल्या चिठ्ठीवर एस, एम, एलच्या शेजारी सेंटिमीटरमध्ये माप असतं, ते वाचा. ९७ म्हणजे ३८ इंच, १०२ म्हणजे ४०, १०७ म्हणजे ४२. मात्र काही कंपन्या तिथे अंगाचं माप लिहितात, काही कपड्याचं. म्हणून शेवटी कपडा फळीवर पसरून टेप लावायचीच. सुती होजिअरी, म्हणजे टीशर्ट-बनियनचं ताणणारं कापड, पहिल्या दोन-तीन धुण्यांत शंभरात तीन ते पाच आटते. २८ इंच उंचीचा टीशर्ट इंच-सव्वा इंच सहज आखूड होतो. मी उंचीत दीड इंच आणि छातीत एक इंच जास्तीचं धरते. वाढत्या मुलांचं माप घेताना आटणं आणि वाढणं दोन्ही धरावं लागतं, हे नवीन आईला मी आवर्जून सांगते.

आता कापड. इथे आपला कोकण आणि घाटावरचा कोरडा मुलूख यांचा हिशेब वेगळा होतो. आमच्या सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा मिरगापासून चार महिन्यांत. आषाढात दोरीवरचा कपडा दोन-दोन दिवस दमट राहतो, मग त्याला तो कुबट वास धरतो आणि नंतर काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे बुरशी. ती सुती आणि रेयॉन कापडावर जगते, आणि एकदा आत शिरली की कितीही घासा, निघत नाही. पॉलिस्टरला ती सहसा लागत नाही आणि ते लवकर सुकतं, पण घाम शोषत नाही. एप्रिल-मे महिन्यात पॉलिस्टर घालून चुलीपुढे उभं राहणं म्हणजे शिक्षाच. त्यामुळे मी वर्षाचे दोन भाग करते. उन्हाळ्यासाठी निव्वळ सुती, पावसासाठी पातळ सुती किंवा सुती-पॉलिस्टर मिश्र, ज्यात सुती निम्म्याहून थोडं जास्त असेल.

हे सगळं आतल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. मानेच्या मागे नाहीतर डाव्या बाजूच्या शिलाईत ती छोटी पट्टी शोधा आणि टक्के वाचा. बाहेरच्या चकचकीत चिठ्ठीवर 'कॉटन फील', 'कॉटन रिच', 'सॉफ्ट कॉटन टच' असं काहीही लिहिलेलं असेल, त्यावर जाऊ नका. 'कॉटन फील' म्हणजे कॉटन नव्हे.

रेयॉनबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बायकांचे निम्मे गाऊन आणि कुर्त्या त्याच्याच असतात. पट्टीवर कधी रेयॉन लिहितात, कधी व्हिस्कोस. हाताला लोण्यासारखं लागतं, अंगावर छान पडतं, रंगही खुलतो. चार वर्षांपूर्वी मी स्वतः असाच एक गाऊन घेतला, निळ्यावर बारीक पांढरी फुलं. पावसाळ्यात एक दिवस विहिरीवर पाणी शेंदत होते, खांदे भिजलेले. कळशी उचलायला हात वर केला आणि डाव्या मुंढ्यापाशी, म्हणजे बाही जोडतात तिथे, कापडाने तोंड उघडलं. घरी येऊन बघते तर शिलाई जशीच्या तशी, तिच्या शेजारचं कापड गेलेलं. आमच्या कामात उसवणं वेगळं आणि फाटणं वेगळं. उसवलं तर मी दोन मिनिटांत शिलाई मारून देते. फाटलं तर ठिगळ लावावं लागतं आणि ठिगळाशेजारी ते पुन्हा फाटतं. सुती धागा भिजला की उलट बळकट होतो, रेयॉनचा धागा भिजला की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. म्हणून विहिरीवर, न्हाणीत, मासे धुताना, अंगणात काम करताना घालायचा गाऊन रेयॉनचा घेऊ नये. बाजारात जाताना, पाहुण्यांकडे जाताना घालायची कुर्ती रेयॉनची चालेल.

पट्टीवर लिहिलंय त्याची खात्री हवी असेल तर घरी आणल्यावर आतल्या कापलेल्या कडेतून कापडाचा एक धागा ओढून काढा, शिलाईचा नव्हे, कारण शिलाईचा दोरा बहुतेक पॉलिस्टरचाच असतो. चिमट्यात धरून जाळा. कागद जळल्यासारखा वास आणि भुसभुशीत राख आली तर सुती किंवा रेयॉन. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. मिश्र कापडात राख आणि मणी दोन्ही मिळतात.

दुकानात कपडा हातात घेतलात की पहिलं काम म्हणजे तो उलटा करा. कोणी बघत असलं तरी संकोच करू नका. बाहेरची बाजू दाखवण्यासाठी असते, खरं काम आत दिसतं.

एक साधा टीशर्ट घेऊ. तो उलटा करून बाजूची शिलाई दोन्ही हातांच्या चिमटीत धरा आणि हलकेच दोन्हीकडे ओढा. मध्ये दोऱ्याच्या शिडीसारखे दात दिसले तर ओव्हरलॉकचा, म्हणजे कडा बांधणाऱ्या शिलाईचा ताण सैल आहे आणि शिलाई महिन्या-दोन महिन्यांत सुटायला लागेल. मग खांदा बघा. चांगल्या टीशर्टला खांद्याच्या शिलाईत आतून एक अरुंद पट्टी धरलेली असते. ती नसेल तर ओला टीशर्ट दोरीवर स्वतःच्याच वजनाने खांद्यात ओघळतो. गळ्याची पट्टी ताणून सोडा, ती लगेच मिटायला हवी. रेंगाळली तर दोन महिन्यांत गळा लोंबणार. आता टीशर्ट पुन्हा सुलटा करून काखा जुळवा आणि बाजूच्या शिलाईवर घडी घाला. शिलाई काखेपासून खालपर्यंत सरळ उतरायला हवी. खाली जाता जाता पोटाकडे वळत असेल तर कापड तिरकं कापलेलं आहे किंवा विणीतला पीळ बसलेला नाही. असा टीशर्ट धुतल्यावर आणखी पिळवटतो. त्याला माझ्याकडे इलाज नाही, कोणाकडेच नाही. लोक आणतात, मी परत पाठवते.

गाऊन, शर्ट, परकर असे मागावर विणलेल्या, न ताणणाऱ्या कापडाचे कपडे असतील तर माया बघा. शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात ती माया. मी शिवते तेव्हा बाजूला इंचभर माया ठेवते, म्हणजे पुढे अंग भरलं तर उसवून सैल करता येतं. तयार कपड्यात इंचभर मिळणार नाही, पण बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षाही कमी असेल तर तो कपडा परत फळीवर ठेवा. मुंढ्यापाशी तर अगदी डोळे लावून बघा, सगळा ताण तिथेच येतो. टाके मोजायचीही सवय करा. टेपवर एक इंच धरून त्यात दहा-बारा टाके असावेत. सहा-सात असतील तर घाईत शिवलेलं आहे.

सुती परकर आणि स्वस्त गाऊनच्या कापडाला भरपूर खळ असते. कापडाचा कोपरा दोन अंगठ्यांमध्ये चोळा. पांढरी पूड पडली किंवा चोळलेला भाग एकदम मऊ आणि विरळ झाला, तर आत्ता जाड वाटणारं कापड पहिल्या धुण्यानंतर जाळीदार होणार. तो भाग ट्यूबलाइटपुढे धरा आणि मागे हात ठेवा. बोटं मोजता आली तर त्या गाऊनला आत परकर लागेल, आणि पावसाळ्यात सुकवायला आणखी एक कपडा वाढला.

आता दोन गोष्टी खास समुद्राकाठच्या माणसांसाठी. पहिली, धातू. खाऱ्या हवेत लोखंडी हुक, प्रेसबटण, चेन लवकर गंजते आणि गंजाचा तांबूस डाग कापडात कायमचा बसतो. देवबाग, तारकर्लीकडून येणाऱ्या बायकांच्या कपड्यांवर मला हे सतत दिसतं. प्लॅस्टिकच्या दातांची चेन आणि साधी प्लॅस्टिकची बटणं घ्या. शोभेसाठी टिकल्या, धातूच्या तारका, कड्या लावलेला रोजचा कपडा घेऊच नका, बाळाचा तर मुळीच नको.

दुसरी, इलॅस्टिक. घाम, दमटपणा आणि चुलीची ऊब यात रबर लवकर मरतं. ट्रॅकपँट, हाफपँट, लेगिंग घेताना कंबर उलटी करून बघा. इलॅस्टिक कापडावर चार ओळींनी शिवून टाकलेलं असेल तर ते मेल्यावर सगळी कंबर उसवावी लागते आणि माझी मजुरी कपड्याच्या किमतीजवळ जाते. नेफ्यातून ओवलेलं असेल तर एक टोक उसवून नवीन घालायला दहा मिनिटं लागतात. नेफ्यात इलॅस्टिक आणि शिवाय नाडी, हे सगळ्यात चांगलं.

रंग बघताना कपडा दाराशी, उजेडात न्या. आत दिव्याखाली काळा दिसणारा बाहेर गडद निळा निघतो. पर्समध्ये एक पांढरा रुमाल ठेवा, बाटलीतल्या पाण्याने त्याचं टोक ओलं करा आणि आतल्या बाजूने, शिलाईच्या मायेवर चोळा. रुमालाला रंग लागला तर तो घरच्या सगळ्या कपड्यांना लागणार. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं आपल्याकडे सगळ्या सांगतात. कारखान्यात सुटा राहिलेला रंग घरच्या मिठाने धरत नाही. जादा रंग दोन-तीनदा वेगळा धुवून काढून टाकणं एवढंच आपल्या हातात असतं.

आणि कामाच्या कपड्यांना फिका रंग घेऊ नका. जांभ्याची लाल माती पांढऱ्या पायजम्याच्या कडेतून वर्षभर निघत नाही. काजूच्या हंगामात बोंडाचा रस लागला की तपकिरी डाग पडतो तो कपडा झिजेपर्यंत. रातांब्याचंही, म्हणजे कोकमाच्या फळाचंही, तसंच. बागेत जाणाऱ्या प्रत्येकासाठी मी गडद चॉकलेटी किंवा काळपट हिरवे दोन जोड वेगळे ठेवते आणि ते दुसऱ्या कशाला वापरत नाही.

टॉवेल बहुतेक जण याच फेरीत घेतात म्हणून सांगते. जाड, गुबगुबीत टॉवेल हातात घेतला की मोह होतो. जुलैत तो सुकत नाही. एका जाड टॉवेलच्या पैशात दोन पातळ टॉवेल किंवा तीन पंचे येतात, आणि पंचा पडवीत रात्रभरात सुकतो. रेनकोट, छत्री, चपला याबद्दल मला सांगण्यासारखं विशेष नाही. रेनकोटच्या शिलाईवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली आहे ना, एवढं बघा. ती नसेल तर पाणी टाक्यांच्या भोकांतून आत येतं.

किमतीकडे येऊ. छापील किमतीत सगळे कर आलेले असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे आपले रोजचे कपडे त्यातच बसतात, पण तो छापील किमतीच्या आत असतो. कोणी वर वेगळा लावला तर विचारा. पाकीटबंद मालावर कमी किमतीची चिकटपट्टी लावायला मुभा आहे, मूळ छापील किंमत तिच्याखाली झाकायची मात्र नाही. मी नखाने कोपरा उचलून बघते. आणि फळीवर लिहिलेली किंमत व बिलातली किंमत जुळते का ते काउंटर सोडायच्या आधी बघा. गठ्ठे विसकटलेले असतात, दुसऱ्याच किमतीचा कपडा त्या फळीवर येऊन पडलेला असतो.

तीनचा जोड, पाचचा जोड स्वस्त पडतो, बनियन आणि मोज्यांना तो घ्यावाही. पण पाकिटात वरचाच नग दिसतो. गेल्या वर्षी मी तीन बनियनचं पाकीट आणलं. घरी फोडलं तर मधल्याच्या गळ्याची पट्टी चार बोटं सुटलेली. परत न्यायला गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, पाकीट फोडलंत, आता बदलून मिळणार नाही. मी म्हटलं, "बाळा, न फोडता आतली शिलाई दिसणार कशी?" आवाज चढवला नाही, बिल समोर ठेवलं आणि मोठ्या साहेबांना बोलवायला सांगितलं. बदलून मिळालं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात हे स्पष्ट आहे. सदोष वस्तू बिलावर दिलेल्या मुदतीत परत घेतली पाहिजे, आणि बिलावर मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत. नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. माप चुकलं किंवा रंग आवडला नाही म्हणून परत घेणं हे दुकानाच्या मर्जीवर, पण दोष असेल तर तो आपला हक्क आहे. तिथे नाहीच ऐकलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. बिलाचा फोटो मात्र त्याच दिवशी काढा, त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं आमच्या हवेत लवकर पुसट होतात.

कधी जावं? गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा. चाकरमानी आलेले असतात, गठ्ठ्यांतली मधली मापं संपलेली असतात आणि कपडा उलटा करून बघायला उभं राहायलाही जागा नसते. मी मधल्या वारी सकाळी दुकान उघडलं की जाते, तेव्हा घड्या जागेवर असतात. पावसाळ्याचे कपडे मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणते. भर पावसात सेल लागतात, तेव्हा पुढच्या उन्हाळ्याचे सुती कपडे स्वस्त मिळतात, पण घेतलेत तर प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढूनच कपाटात ठेवा. पिशवीत ओल कोंडते आणि न वापरलेल्या कपड्यालाही ठिपके पडतात.

घरी आणलेला कपडा तसाच अंगात घालू नका. आधी बटणं बघा. मशीनने लावलेलं बटण बहुतेक वेळा एकाच दोऱ्याच्या साखळीने धरलेलं असतं, टोक ओढलं की सगळं सुटतं. प्रत्येक बटणात सुईने चार टाके घाला आणि मागे गाठ मारा. गाऊनच्या खिशाच्या दोन्ही कोपऱ्यांना दुहेरी टीप मारून घ्या, मोबाइलच्या वजनाने खिसा तिथूनच सुटतो. लोंबणारे दोरे तोडू नका, कात्रीने कापा. मग उलटा करून गार पाण्यात वेगळा धुवा, पिळून नव्हे, दाबून पाणी काढा आणि पडवीत वाऱ्याच्या तोंडाला उलटाच वाळत घाला. पूर्ण सुकला की पुन्हा जमिनीवर पसरा, टेप लावा, आणि आटल्यानंतरचं माप कंपनीच्या नावासकट डबीतल्या त्या कागदावर लिहा. पुढच्या वेळी त्या फळीकडे सरळ जाता येतं.